गालिचा घ्या, पण आधी त्याची पाठ पाहा

पेशवाईच्या काळात कात्रजच्या तलावातून पुण्याला पाणी मिळत असे. आज ते कात्रज शहराचाच एक भाग झाले आहे. चौकातून घाटाच्या दिशेने पाहिले, की डोंगराच्या पायथ्यापर्यंत पोहोचलेल्या उंच इमारतींच्या रांगा नजरेत भरतात. या नव्या घरांमध्ये एक गोष्ट बहुतेक समान असते. ती म्हणजे पायाखालची गुळगुळीत, चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी. पुसायला सोपी, दिसायला नीटस. परंतु डिसेंबरात पायांना बोचणारी, ओली झाली की निसरडी होणारी आणि मोकळ्या दिवाणखान्यात आवाज घुमवणारी. जुन्या वाड्यांत सतरंजी, जाजम, घोंगडी यांची सोय असे. ती वाड्यांबरोबर गेली आणि तिची जागा घेण्यासाठी 'रग' आला.

दुकानात गेल्यावर या रगाला तीन विशेषणे हमखास जोडलेली आढळतात : 'टेक्श्चर्ड', 'हँडवोव्हन' आणि 'डिझायनर'. तिन्ही शब्द किंमत वाढवतात. मात्र त्यांचा नेमका अर्थ ग्राहकाला क्वचितच सांगितला जातो. परिणामी महिनोन्‌महिने खपून विणलेल्या गालिच्याची किंमत मोजून डिंकाने चिकटवलेली वस्तू घरी आणल्याचे अनेकांना दोन-तीन पावसाळे उलटल्यावर कळते. दुसरीकडे, याच सातारा रस्त्याने घाट ओलांडून पुढे गेल्यावर लागणाऱ्या दुष्काळी तालुक्यांत, अशा गालिच्याला साजेशी लोकर भाव नाही म्हणून टाकून दिली जाते. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध आहे. तो समजून घेतला तर खरेदीही शहाणपणाची होईल.

पोत येतो कुठून?

'टेक्श्चर' याला आपल्याकडे 'पोत' असा नेमका शब्द आहे. गालिच्याला पोत तीन मार्गांनी येतो. पहिला मार्ग तंतूचा. लोकर, सूत, ताग किंवा रेशीम यांपैकी प्रत्येकाचा स्पर्श वेगळा असतो. हाताने कातलेला धागा कुठे जाड, कुठे बारीक राहतो आणि त्याचा खडबडीतपणा कापडात उतरतो. दुसरा मार्ग विणीचा. उभ्या धाग्यांना ताणा आणि आडव्या धाग्यांना बाणा म्हणतात. ताण्यातून बाणा कसा नेला, किती ठोकला, मध्येच जाड धागा घातला की नाही, यांवर पृष्ठभाग सपाट, धारीदार किंवा उंचसखल होतो. तिसरा मार्ग लवीचा. वर आलेले धागे कापले तर मखमलीसारखी लव मिळते, न कापता फास ठेवले तर टणक पृष्ठभाग मिळतो. दोन्हींची सांगड घालून किंवा लव कमी-अधिक उंचीवर कातरून नक्षी उठवता येते.

आधुनिक घरांत पोताला इतके महत्त्व का आले, यालाही इतिहास आहे. जर्मनीत १९१९ मध्ये स्थापन झालेल्या बाऊहाऊस या कलाशाळेने सजावटीचा भार उतरवून वस्तूच्या मूळ द्रव्याला पुढे आणले. तेथील विणकाम विभागात शिकलेल्या अ‍ॅनी अल्बर्स यांच्या कामाचे स्वतंत्र प्रदर्शन १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये भरले. एखाद्या विणकर कलावंताला त्या संग्रहालयाने दिलेला तो पहिलाच मान होता. स्वीडन-फिनलंडमधील लांब लवीचे 'र्‍या' गालिचे आणि मोरोक्कोतील डोंगराळ भागातले जाड लोकरी गालिचे याच सुमारास शहरी घरांत शिरले. भिंती पांढऱ्या झाल्या, फर्निचर सरळ रेषांचे झाले, वेलबुट्टी मागे पडली. तेव्हा घराला ऊब देण्याचे काम पोताकडे आले. कात्रजच्या दोन-तीन खोल्यांच्या फ्लॅटमधला करडा, नक्षीविरहित रग हा त्याच प्रवाहाचा दूरचा वारसदार आहे.

विणलेला, गाठींचा की चिकटवलेला?

बाजारात मिळणारे गालिचे ढोबळमानाने चार प्रकारांत मोडतात.

पहिला प्रकार सपाट विणीचा. दरी, सतरंजी, किलीम, घोंगडी हे सारे यात येतात. यांना लव नसते. मागावर ताणा-बाणा यांच्या गुंफणीतूनच सारे कापड तयार होते. खऱ्या अर्थाने 'हातमागावर विणलेले' हे विशेषण याच प्रकाराला अधिक शोभते. पंजाच्या आकाराच्या लोखंडी अवजाराने बाणा ठोकून बसवतात, म्हणून उत्तरेकडे यातील एका प्रकाराला 'पंजा दरी' म्हणतात.

दुसरा प्रकार हाताने गाठी मारलेल्या गालिच्याचा. यात ताण्याच्या धाग्यांवर लोकरीची एकेक गाठ मारून ती कापली जाते. गाठींची ओळ पूर्ण झाली, की बाण्याचा धागा घालून ती ठोकली जाते. या कामाला किती वेळ लागतो, याचा हिशेब सोपा आहे. सहा फूट बाय नऊ फुटांचा गालिचा म्हणजे ५४ चौरस फूट, अर्थात ७,७७६ चौरस इंच. चौरस इंचाला १०० गाठी धरल्या, तर एकूण गाठी होतात ७,७७,६००. एक कारागीर दिवसाला आठ हजार गाठी मारतो असे मानले, तरी एकट्याला हे काम ९७ दिवस पुरते. त्यापुढे धुणे, कातरणे, ताणून वाळवणे हे वेगळेच. असा गालिचा कोणी नाममात्र किमतीत देऊ केला, तर तो गाठींचा नाही किंवा कोणाच्या तरी मजुरीला कात्री लागली आहे, हे ओळखावे.

तिसरा प्रकार 'हँड-टफ्टेड'. येथे ताणलेल्या कापडावर हातात धरायच्या यंत्राने धागे आरपार घुसवतात. हे धागे कशात गुंतलेले नसल्याने मागून लॅटेक्सचा चिकट थर देऊन ते धरून ठेवावे लागतात आणि तो थर झाकण्यासाठी दुसरे कापड लावतात. यंत्र माणसाच्या हातात असते, म्हणून अशा वस्तूवर 'हँडमेड' लिहिणे खोटे नसते. परंतु ती विणलेली नसते. काम दिवसांत उरकते आणि उंचसखल पोत सहज साधतो, म्हणून 'डिझायनर' म्हणून विकला जाणारा बराच माल या प्रकारचा असतो. मात्र काही वर्षांत लॅटेक्स कोरडा पडतो, त्याची भुकटी गळू लागते, ओलावा लागला तर वासही येतो. हे ठाऊक असताना कमी किमतीत तो घेण्यात काही गैर नाही.

चौथा प्रकार यंत्रमागाचा, बहुधा पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर धाग्याचा.

हे सारे ओळखण्याची युक्ती एकच : गालिचा उलटा करा. गाठींच्या गालिच्यात पुढची नक्षी मागेही स्पष्ट दिसते आणि गाठींच्या ओळी किंचित वेड्यावाकड्या असतात. सपाट विणीत दोन्ही बाजू जवळपास सारख्या दिसतात. मागे कापडाचे अस्तर शिवलेले वा चिकटवलेले दिसले, तर माल टफ्टेड असण्याचीच शक्यता अधिक. गाठींच्या व सपाट विणीच्या गालिच्याची झालर म्हणजे ताण्याचेच सुटे धागे असतात; ती वरून शिवलेली असेल तर शंका घ्यावी. लोकर खरी की कृत्रिम, हे पाहण्यासाठी एक-दोन तंतू ओढून जाळून पाहावेत. लोकर केस जळाल्यासारखा वास देते आणि राख बोटाने चुरगळते. कृत्रिम धागा वितळून त्याचा टणक मणी होतो. 'आर्ट सिल्क' किंवा 'बांबू सिल्क' हे बहुतांशी व्हिस्कोस असते. ते चमकते; पण ओले झाल्यावर कमकुवत होते आणि डाग धरते.

पुण्याची जुनी ओळख

गालिचा म्हटले की काश्मीर किंवा उत्तर प्रदेशातील भदोही-मिर्झापूरचा पट्टा आठवतो. भदोहीच्या हातविणीच्या गालिच्यांना २०१० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. मात्र पुण्याचेही या इतिहासात एक पान आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज सरकारने हिंदुस्थानातील अनेक तुरुंगांत गालिचे विणण्याचे कारखाने चालवले, त्यांत येरवड्याचा तुरुंग होता. विजापूरच्या असर महालात जपलेल्या जुन्या गालिच्यांच्या नकला येथे विणल्या गेल्या. आग्र्याच्या तुरुंगात कैद्यांनी विणलेला राणी व्हिक्टोरियासाठीचा प्रचंड गालिचा तर आजही विंडसर किल्ल्याच्या वॉटर्लू दालनात आहे.

या तुरुंगी गालिच्यांवर तेव्हाही टीका झाली. जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० मध्ये हिंदी कलाकौशल्यावरील आपल्या ग्रंथात, तुरुंगांतील स्वस्त मजुरीमुळे बाहेरचा स्वतंत्र विणकर मरतो आणि कलेचा दर्जाही घसरतो, असा आक्षेप घेतला होता. विणकराला मिळणारा मोबदला आणि गालिच्याचा दर्जा यांची अशी सांगड घातली गेली, त्याला आता जवळपास दीडशे वर्षे होतील. प्रश्न मात्र अजून तोच आहे.

घाटापलीकडची लोकर

कात्रजचा घाट ओलांडून साताऱ्याकडे गेले आणि तेथून पूर्वेला वळले, की फलटण, खटाव, माण आणि पुढे आटपाडी, जत हे कमी पावसाचे तालुके लागतात. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'मुळे (१९५५) मराठी वाचकाला ओळखीचा झालेला हा धनगरांचा मुलूख. पावसाळ्यात माळावर राहायचे आणि दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणाकडे उतरायचे, ही येथील अनेक कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत. त्यांतील मूळची जात म्हणजे दख्खनी.

दख्खनी मेंढी वर्षातून दोनदा कातरली जाते आणि वर्षाकाठी साधारण अर्धा किलोच्या आसपास लोकर देते. ही लोकर काळी, तपकिरी, करडी अशा नैसर्गिक रंगांची, आखूड आणि राठ असते. स्वेटर किंवा शालीसाठी ती टोचरी. पण जमिनीवर अंथरायच्या कापडाला मऊपणापेक्षा टिकाऊपणा लागतो आणि तो गुण या लोकरीत आहे. काळ्या लोकरीला रंग चढत नाही, हा तिचा व्यापारी दोष मानला गेला. आजच्या घरसजावटीत मात्र न रंगवलेल्या करड्या-काळ्या छटांनाच मागणी आहे.

या लोकरीचे पारंपरिक वस्त्र म्हणजे घोंगडी. धनगर स्त्रिया लोकर पिंजून चरख्यावर कातत आणि सनगर समाजातील कारागीर खड्डामागावर घोंगडी विणत. ताण्याच्या धाग्यांना बळकटी यावी म्हणून चिंचोक्याची खळ लावतात. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ. तिच्या घोंगडीला विशेष मान. माण तालुक्यातील म्हसवडचा परिसर या विणकामासाठी जुन्या काळापासून ओळखला जातो. थंडी, पाऊस, देवकार्य, बैठक अशा सगळ्या प्रसंगी घोंगडी लागे. स्वस्त यंत्रनिर्मित ब्लँकेट आणि प्लॅस्टिकचा कागद आल्यावर तिची गरज आटली.

गरज आटली तसा लोकरीचा भाव गेला. अनेक ठिकाणी कातरणीची मजुरीही लोकरीतून सुटत नाही. तेव्हा कातरलेली लोकर बांधावर टाकली जाते. उत्पन्न उरले ते मटणाचे. त्यामुळे मेंढपाळ जत तालुक्यातील माडग्याळ जातीकडे वळले. ती उंच, वजनदार असते. मात्र तिला लोकर जवळपास नसते. मेंढपाळाच्या दृष्टीने हा निर्णय अगदी रास्त आहे. पण कळपातील दख्खनी मेंढी घटत गेली, की काही वर्षांनी लोकरीला भाव मिळूनही लोकर मिळणार नाही.

घोंगडीचा गालिचा का होत नाही?

लोकर आहे, विणकर आहेत, शहरात ग्राहक आहे. मग अडते कुठे? पहिली अडचण प्रतवारीची. फिरत्या कळपांची लोकर थोडी-थोडी, ठिकठिकाणी निघते. ती एकत्र करणे, कुसळे-माती काढून धुणे आणि रंगानुसार निवडणे हे खर्चाचे काम आहे. देशात वर्षाला साधारण ३ कोटी ३६ लाख किलो लोकर होते आणि तिच्यातील जवळपास निम्मी एकट्या राजस्थानची असते. त्यामुळे मोठा लोकरबाजार व सूतगिरण्या बिकानेरच्या बाजूला आहेत. भदोहीचे गालिचे बिकानेरी लोकर आणि न्यूझीलंडहून आलेली लोकर यांच्या मिश्रणावर चालतात.

दुसरी अडचण कताईची. आखूड, राठ लोकर यंत्रावर एकटी नीट कातली जात नाही. ती हाताने कातावी लागते किंवा तिच्यात लांब तंतूची लोकर मिसळावी लागते. हाताने कातणाऱ्या स्त्रिया वयस्कर झाल्या आहेत आणि तुटपुंज्या मोबदल्यावर नवी पिढी चरख्याजवळ बसत नाही.

तिसरी अडचण मागाची. हाताने धोटा फेकायचा तर मागाची रुंदी विणकराच्या दोन हातांच्या आवाक्याइतकीच असू शकते. दिवाणखान्याच्या मापाचा गालिचा हवा, तर पट्टे विणून ते जोडावे लागतात किंवा रुंद माग घालावा लागतो. जोड झाकण्याऐवजी तोच नक्षीचा भाग करण्याचे प्रयोग काही आरेखकांनी केले आहेत. घोंगडीच्या कापडाचे आसन, पिशवी, पायघडी अशा वस्तूही शहरांतील प्रदर्शनांत दिसतात. राज्य सरकारचे पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ पुण्यातच, गोखलेनगरात आहे. म्हणजे लोकर, आरेखन आणि ग्राहक या तिन्ही गोष्टी एका दिवसाच्या प्रवासाच्या अंतरात आहेत.

मागणीचे वजन किती, हेही हिशेबाने पाहता येते. जाड सपाट विणीच्या गालिच्याला चौरस मीटरमागे दोन किलो धागा धरला, तर सहा बाय नऊ फुटांच्या, म्हणजे सुमारे पाच चौरस मीटरच्या गालिच्याला दहा किलो धागा लागेल. धुण्या-पिंजण्यातील घट सोडली, तरी ही वीस मेंढ्यांची वर्षभराची लोकर झाली. कात्रजच्या एका मोठ्या वसाहतीतील काही मोजक्या घरांनी असा गालिचा मागितला, तर एका सबंध कळपाची लोकर बांधावर पडणार नाही.

देशी ग्राहकाची गरज केवळ माणदेशालाच आहे असेही नाही. भारतीय गालिच्यांचा धंदा प्रामुख्याने निर्यातीवर उभा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले, तेव्हा भदोहीच्या पट्ट्याला त्याची तत्काळ झळ बसली.

घेताना काय विचारावे?

पहिला प्रश्न : हा विणलेला आहे, गाठींचा आहे की टफ्टेड? उत्तर बिलावर लिहून मागावे. दुसरा : तंतू कोणता, त्यात मिश्रण किती? तिसरा : कुठे विणला? विक्रेत्याला गाव सांगता येत नसेल, तर 'कारागिरांची कला' या जाहिरातीला फारसा अर्थ उरत नाही.

खुणांचाही उपयोग होतो. सतरंजी, दरी यांसारख्या हातमागाच्या वस्तूंसाठी केंद्र सरकारने २००६ मध्ये 'हँडलूम मार्क' सुरू केला. गालिच्याच्या धंद्यातील बालमजुरीविरुद्ध १९९४ मध्ये 'रगमार्क' ही खूण सुरू झाली. २००९ पासून ती 'गुडवीव्ह' या नावाने ओळखली जाते. गालिचे विणण्याच्या कामात मुलांना जुंपण्यास १९८६ च्या कायद्यानेच बंदी घातली होती आणि २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांच्या मजुरीवर जवळपास सरसकट बंदी आली. तरीही खूण पाहण्याची सवय ग्राहकाने सोडू नये.

दख्खनी लोकरीचा गालिचा घेणाऱ्याने काही गोष्टी आधीच मान्य कराव्यात. तो उघड्या पायांना किंचित टोचेल. सुरुवातीचे काही महिने तंतू गळतील आणि पहिल्या दिवसांत मेंढीचा मंद वासही येईल. रांगते बाळ किंवा दम्याचा रुग्ण घरात असेल, तर पातळ सुती सतरंजी अधिक सोयीची. गुळगुळीत फरशीवर कोणताही गालिचा सरकतो. त्याखाली रबरी जाळी घालणे ज्येष्ठांच्या दृष्टीने अत्यावश्यक आहे.

निगा आणि आयुष्य

लोकर आपल्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओलावा हाताला न जाणवता शोषू शकते आणि ती चटकन पेटही घेत नाही. मात्र पावसाळ्यात घाटालगतच्या दमट हवेत तिला दोन शत्रू असतात : बुरशी आणि कसर. कसरीच्या अळ्यांना अंधार आणि निवांतपणा आवडतो. म्हणून सोफ्याखाली दबलेला भाग महिन्यातून एकदा मोकळा करावा, आठवड्याला व्हॅक्यूम फिरवावा आणि उघडीप मिळताच गालिचा उलटा करून काही तास उन्हात टाकावा. ठेवून द्यायचा तर घडी न घालता गुंडाळी करून, सुती चादरीत बांधून ठेवावा. प्लॅस्टिकमध्ये मुळीच नव्हे. काही सांडले तर न घासता कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. टफ्टेड गालिचा पाण्यात भिजवू नये. भिजल्यावर त्याचा डिंक लवकर सुटतो.

अशी निगा राखली, तर गाठींचा किंवा घट्ट विणीचा लोकरी गालिचा एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाऊ शकतो. त्याची किंमत दुकानातील पट्टीवरच्या आकड्याने नव्हे, तर वापराच्या वर्षांनी भागून पाहावी. आणि उलटून पाहिलेल्या पाठीवर विणकराच्या हाताच्या त्या किंचित वाकड्या ओळी दिसल्या, तर त्यांना खोट समजून सूट मागू नये. आपण पैसे मोजतो ते त्या ओळींचेच असतात.